गाडी येऊन राहिली

शके १८६९, सन १९४७, कार्तिक महिना. मध्यप्रांत, भंडारा जिल्हा, तहसील गोंदिया. गोंदियाहून बालाघाटाकडे जाणारी आगगाडीची लहान लाइन आणि नागऱ्याकडे जाणारा बैलबंड्यांचा रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, ते ठिकाण. पुढील निवेदन मी येथेच उभ्याने, कोणाच्याही भिडेस न पडता करीत आहे.

मी एक जुने फाटक आहे.

मित्रांनो, फाटक म्हणजे रस्त्यात आडवे घातलेले लाकूड, अशी तुमची समजूत असेल तर ती अर्धीच खरी आहे. भिंतही आडवीच असते. परंतु भिंत उघडत नाही. म्हणून तिच्यावर कोणी विसंबत नाही आणि तिच्यावर कोणी रागावतही नाही. फाटकाचे सारे महत्त्व ते उघडते ह्यात आहे, आणि त्यापासून होणारा धोकाही नेमका ह्यातच आहे. बंद फाटकापेक्षा उघड्या फाटकाचे भय अधिक बाळगावे, असे माझे म्हणणे आहे. ते तुम्हांला विपरीत वाटेल. पण माझी हकीकत ऐकून मग काय तो निर्णय करा.

मी मूळचा साग. कचारगडाच्या डोंगराखाली, येन आणि बिजा ह्या झाडांच्या सोबतीत वाढलेला. तेथे मला आडवे कोणीच नव्हते आणि मीही कोणाला आडवा नव्हतो. पुढे ठेकेदाराची माणसे आली, मला तोडले, बंड्यांवर घालून गोंदियास आणले. सुतारांनी चिरून, तासून, लोखंडी पट्ट्या ठोकून माझे दोन पल्ले केले. एक पल्ला रुळांच्या गोंदियाकडील बाजूस उभा केला, दुसरा नागऱ्याकडील बाजूस. पांढरा रंग दिला आणि मधोमध तांबडी टिकली लावली. लाइन नवी होती. तिच्याइतकेच मीही नवे. शिवरात्रीला नागऱ्याच्या देवळाकडे जाणारे लोक बंड्यांतून उतरून मला हात लावून पाहत, एकमेकांना दाखवत. त्या काळची ती स्तुती मला अजून आठवते. आता मला कोणी पाहत नाही. माझ्यामुळे किती वेळ जाणार, एवढेच पाहतात.

काही वर्षांनी मनिराम नावाचा फाटकवाला येथे नेमला गेला. त्याच्याबरोबर त्याची बायको जमुनाबाई आली. गोंदियाकडील पल्ल्याच्या शेजारीच त्यांची एका खोलीची चौकी होती. त्याच चौकीत त्यांची मुलगी रुख्मा जन्मली आणि वाढली. नागऱ्याच्या बाजूस लाइन एका आमराईमागून वळण घेऊन येते, त्यामुळे तिकडून येणारी आगगाडी चौकीतून दिसत नाही. ह्यासाठी नवराबायकोंनी एक पद्धत बसवली होती. आगगाडीची वेळ झाली की मनिराम झेंडी घेऊन वळणावर जाई आणि भरावावर उभा राही. धूर दिसला की तो ओरडून सांगे. जमुनाबाई ‘हव’, म्हणजे होय, असे प्रत्युत्तर देई आणि माझे दोन्ही पल्ले रस्त्यावर ओढून कडी घाली. तिचे ‘हव’ ऐकू आले की मनिराम आगगाडीला हिरवी झेंडी दाखवी.

मला लावणे-उघडणे हे अशा रीतीने जमुनाबाईचेच काम झाले. मनिराम मला ढकलत असे; जमुनाबाई मला नेत असे. हा भेद तुम्हांला सूक्ष्म वाटेल, पण ज्याला बिजागरीवर फिरावे लागते त्याला तो सूक्ष्म वाटत नाही. माझ्या बिजागऱ्यांना ती घरच्या जवसाचे तेल घाली. पाऊस संपला की फुगलेल्या लाकडावरून तळवा फिरवी आणि कोठे अडते ते बोटांनीच ओळखी. मी रानात वाऱ्याने हललो होतो, पण माणसाच्या हाताने हलण्यात सुख असते हे मला तिच्यामुळे कळले.

येथे मला भाषेविषयी एक वाद उपस्थित करावयाचा आहे. आपल्या बोलीत ‘गाडी’ हा शब्द एका जिवंत जनावराने ओढलेल्या वाहनालाही लागतो आणि वाफेने धावणाऱ्या वाहनालाही लागतो. आमच्या बाजूला धान, शेणखत, लाकूड वाहणाऱ्या बैलगाडीला बंडी म्हणतात खरे. परंतु त्याच बंडीत सासरी दिलेली लेक बसून माहेरी येत असेल, तर तिला बंडी म्हणणे लेकीला कमीपणा आणणारे समजतात. मग ती ‘गाडी’ होते. लेकीची गाडी आली, असे म्हणतात. शब्द सुंदर आहे, त्यामागचे प्रेमही सुंदर आहे. पण फाटकापाशी एका शब्दाचे दोन अर्थ असू नयेत. हे मी व्याकरणासाठी म्हणत नाही.

रुख्माचे लग्न नागऱ्यापलीकडच्या एका गावात झाले. जावई केशोराव, धानाची शेती करणारा, हसतमुख आणि थोडा घाईचा माणूस. वरातीची बंडी माझ्यामधून पलीकडे गेली तेव्हा जमुनाबाईने मला उघडले आणि बंडी दिसेनाशी झाली तरी लावले नाही. त्या दिवसापासून तिची नजर नेहमी माझ्यावरून नागऱ्याच्या रस्त्याकडे जाई. चौकी अलीकडे, लेक पलीकडे आणि मधे मी, असे आमचे तिघांचे नाते झाले.

पुढल्या माघात रुख्माला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणावयाचे ठरले. धानाची मळणी आटोपली की केशोराव स्वतः घेऊन येणार होता. मळणी कोणाची कधी आटोपते हे कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे दिवस निश्चित नव्हता. धानाच्या बांध्यांत लाखोळी निळी फुलली होती. जमुनाबाईने चौकी सारवून ठेवली, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली आणि त्यानंतर तिला वाट पाहण्याखेरीज काम उरले नाही. नागऱ्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारी, गाडी दिसली काय? धान घेऊन गोंदियाच्या गिरणीवर जाणारा उदाराम नावाचा बंडीवाला होता. त्याला तर रोज जाता-येता विचारून तिने बेजार केले होते.

“गाडी त नाई दिसली, बाई,” तो एकदा म्हणाला. “एक कोल्हा दिसला. त्याच्यापाशी निरोप देल्लो.”

जमुनाबाई हसली, आणि पाठोपाठ आलेल्या बंडीवाल्याला तिने तेच विचारले. मनिरामही रात्री जेवताना म्हणे, आज गाडी आली नाही, उद्या येईल. त्या घरात त्या दिवसांत ‘गाडी’ म्हणजे रुख्माची गाडी. दुसरी गाडी जगात नव्हती.

आणि ज्या दुपारी ती आली, त्या दुपारी दुसरीही आली.

बालाघाटाकडून येणाऱ्या आगगाडीची वेळ झाली होती. मनिराम वळणावर गेला. जमुनाबाईने नियमाप्रमाणे माझे दोन्ही पल्ले अर्धे ओढून ठेवले आणि हाकेची वाट पाहत ती अलीकडच्या पल्ल्यापाशी उभी राहिली. वारा गोंदियाकडून वाहत होता. त्यामुळे वळणापलीकडची शिट्टी तिला ऐकू येणे शक्य नव्हते. मनिरामला धूर दिसला. त्याने तोंडाभोवती हात धरून, रोज ओरडे त्याच शब्दांत ओरडून सांगितले:

“गाडी येऊन राहिली वो!”

भरावावरून लाइन दिसते तसा नागऱ्याचा रस्ताही दिसतो, हे जमुनाबाईला ठाऊक होते. नेमक्या त्याच वेळी त्या रस्त्यावर, दूर, धूळ उठलेली तिने पाहिली. धुळीपुढे पांढऱ्या बैलांची जोडी होती. केशोरावाची जोडी पांढरी होती. मित्रांनो, ज्या शब्दासाठी तिचे कान कितीतरी दिवस आसुसले होते, तोच शब्द तिच्या कानी आला आणि त्याची खूणही डोळ्यांसमोर आली. ह्याहून अधिक पुरावा कोणते मन मागेल?

तिने “हव!” म्हणून हाक दिली. तिच्या आवाजात इतका आनंद मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. तिने अलीकडचा पल्ला सताड उघडला, धावत रूळ ओलांडून पलीकडचाही उघडला, आणि लेकीला ओवाळण्यासाठी भाकरतुकडा आणावयास ती चौकीत परत गेली. मनिरामने वळणावर ते ‘हव’ ऐकले आणि आगगाडीला हिरवी झेंडी दाखवली. दोघांनी एकमेकांचे ऐकले होते. दोघांना एकमेकांचे कळले नव्हते. आणि मी, ज्याला त्या क्षणी बंद असणे भाग होते, ते तिच्याच हाताने उघडे होऊन उभे होते.

माझा एक पल्ला आईच्या बाजूस होता आणि एक लेकीच्या बाजूस. त्यामुळे पुढे जे झाले ते दोन्हीकडचे पाहिलेले साक्षीदार मी एकटेच.

पलीकडे केशोरावाने फाटक उघडे पाहून बैलांची शेपटी पिळली. बैल पळू लागले. रुख्मा जड अंगाने बंडीच्या कडेला धरून बसली होती. पण तिचे लक्ष फाटकाकडे नव्हते. ती डावीकडे, आमराईपलीकडच्या भरावाकडे पाहत होती. तेथे तिचे वडील उभे होते, तिच्याकडे पाठ करून.

“बैल थांबवा जी,” ती म्हणाली.

केशोरावाला ती थट्टा वाटली. “तुह्या मायनं फाटक सताड उघडलं, अन् तू थांब म्हनते?”

“बाबा झेंडी दाखवून राहिले.”

“मामाजी खुशीत असतीन.”

“लेकीले कोनी झेंडी दाखवते काय?” असे म्हणून तिने पुढे वाकून कासरा स्वतःच्या हाती ओढला.

बैल माझ्या पलीकडच्या पल्ल्याशी येऊन, माना उचलून, थांबले. केशोराव आता हसत नव्हता. त्याने खाली उडी टाकून दोघांच्या वेसणी धरल्या. त्याच वेळी आमराईआडून इंजिन बाहेर पडले.

अलीकडे जमुनाबाई हातात भाकरतुकडा घेऊन दारात आली होती. तिने पाहिले ते इतकेच: बंडी पळत रुळांकडे येत आहे, आणि उजव्या हातास इंजिन आहे. मग मधे डबे आले.

ती गाडी मालाची होती, लांब होती, आणि त्या चढावर हळू चालत असे. डब्यामागून डबा, डब्यामागून डबा. जमुनाबाई काही ओरडली. चाकांच्या आवाजात ते तिलाही ऐकू आले नसेल. ती खाली वाकून डब्यांखालून पलीकडचे पाहू लागली, पण चाके दृष्टी टिकू देत नव्हती. आपली लेक आहे की नाही हे आईला ठाऊक नाही. आणि ज्या लाकडाला ते ठाऊक आहे, त्याला वाचा नाही. माझ्या साऱ्या आयुष्यात मला बोलावेसे वाटले ते त्याच एका वेळी. ती आहे, जमुनाबाई, ती ह्या पल्ल्याला धरून उभी आहे, एवढेच मला सांगावयाचे होते.

शेवटचा डबा गेला. पलीकडे रुख्मा बंडीतून उतरून उभी होती. ती सावकाश रूळ ओलांडून आली. जमुनाबाई जमिनीवर बसली होती. लेकीने आईच्या हातातला भाकरतुकडा घेतला, तो स्वतःवरूनच ओवाळला आणि बाजूला टाकला.

इंजिनवाल्याने फाटक उघडे असल्याचे वर कळवले. चौकशीसाठी ईश्वरदास नावाचे निरीक्षक ट्रॉलीवरून आले. हा माणूस कठोर नव्हता. परंतु गोष्ट अर्धवट सोडणाऱ्यांपैकीही नव्हता. मनिरामने दोष आपल्या अंगावर घेण्याचा प्रयत्न केला. आपला आवाज पोचला नसावा, असे तो सांगू लागला. जमुनाबाईने त्याला मधेच थांबवले आणि आवाज पोचला होता, पल्ले मीच उघडले, असे स्वच्छ सांगितले. कशासाठी, हे ईश्वरदासांनी विचारले. ‘गाडी’ ह्या शब्दाची सारी हकीकत तिने सांगितली. नंतर त्यांनी वळणाकडून चौकीपर्यंत तार ओढून घंटा बसवण्यास सांगितले, मनिरामच्या मदतीस बिसराम नावाचा माणूस नेमला, आणि मनिरामची नोकरी कायम ठेवली. निघताना ते जमुनाबाईकडे वळले.

“बाई, आजसे फाटकको हाथ नहीं लगाना.”

“हव जी,” ती म्हणाली.

तिने हा शब्द पाळला. चौथ्या दिवशी रुख्माला मुलगी झाली, निर्मला. ती रांगू लागली, चालू लागली, सासरच्या गावाहून ये-जा करू लागली. जमुनाबाई चौकीच्या पायरीवर बसून माझ्याकडे पाही. माझी कडी तिच्या हातापासून फार दूर नव्हती. बिसराम मला ढकली. त्याचे काम बिनचूक होते, परंतु पावसानंतर मी कोठे अडते ते त्याला कळत नसे. मी करकरू लागले की पायरीवर तिची बोटे हलत. मग ती उठे, जवसाच्या तेलाची वाटी आणून बिसरामच्या हाती देई आणि कोणत्या बिजागरीला घालावयाचे ते लांबून दाखवी.

मी ह्या हुकमाविरुद्ध मनातल्या मनात पुष्कळ वाद घातला आहे. एवढी वर्षे जिने एकदाही चूक केली नाही, तिची एक चूक, आणि तीही मायेपोटी झालेली, इतकी मोठी मानावी काय? हा माझा पूर्वपक्ष. उत्तरपक्ष असा की आगगाडी मागची पुण्याई पाहत नाही. तिच्यापुढे त्या क्षणी फाटक कसे आहे, एवढाच प्रश्न असतो. मी हा वाद प्रत्येक वेळी हरले आहे. हुकूम योग्य होता. पण हुकूम योग्य असला म्हणून हुरहुर अयोग्य ठरत नाही. त्या हातासाठी मी झुरत राहिले, आणि योग्य हुकमाखाली झुरण्याला तक्रारीची सोयही नसते.

त्या घराने एक सुधारणा मात्र केली. ‘गाडी’ हा शब्द त्यांनी टाकला. रुळांवरून येते ती रेल. रस्त्यावरून येते ती बंडी, मग तिच्यात लेक बसलेली का असेना. हळूहळू बंडीवाल्यांनीही तेच धरले. उदाराम नवख्या माणसाला दटावी, “गाडी म्हनू नको गा, फाटक आयकते.” तो थट्टेने म्हणे, मी खरोखरच ऐकत असे.

पुढे काळ बदलला. लढाईच्या दिवसांत रेल वाढल्या, रस्त्यावर लॉऱ्या आल्या, सायकली आल्या. सायकलवाले सायकल तिरपी करून माझ्याखालून सरकवतात. लॉरीवाले भोंगे वाजवतात, बिसरामला शिव्या देतात. माझा रंग उडाला, खालची फळी कुजली, तांबडी टिकली कोणी दगड मारून फोडली. ह्याचे मला दुःख नाही असे मी म्हणणार नाही.

मित्रांनो, आता माझे मागणे सांगते. फाटक बंद असेल तर थांबा, हे तुम्हांला सर्वच सांगतात. खालून वाकून जाऊ नका, रेल लांब दिसली तरी ती लांब आहे असे समजू नका, तिला इच्छा झाली तरी चटकन थांबता येत नाही. परंतु मी त्याहून पुढचे सांगते. फाटक उघडे असेल तरीही थांबा. उतरा, दोन्हीकडे पाहा, कान द्या. उघडे फाटक म्हणजे रस्ता मोकळा असल्याची ग्वाही नव्हे. ते कोणा एका माणसाची समजूत असते, आणि माणसाची समजूत चांगल्यातल्या चांगल्या कारणाने चुकू शकते. रुख्मा जगली ती मी उघडे असतानाही तिने स्वतः पाहिले म्हणून. माझ्यावर प्रेम करा, मला रंग द्या, तेल घाला. पण डोळे मिटून माझ्यावर विसंबू नका.

ह्या वर्षीच्या पावसाळ्यात मनिराम वारला. चौकी आता बिसरामच्या कुटुंबाला मिळावयाची. काल दुपारी रुख्मा आणि केशोराव आईला कायमची न्यावयास आले. दोघांचेही केस पिकू लागले आहेत. सामान थोडेच होते. बंडीत ते घालून झाले, जमुनाबाई वर बसली, आणि बैल माझ्यापर्यंत आले तो घंटा वाजली. बिसरामने मला बंद केले.

रेल येईना. वळणावर कोठेतरी ती थांबली असावी. ऊन उतरू लागले. जमुनाबाई बंडीतून खाली उतरली आणि माझ्यापुढे, कडीपासून हातभर अंतरावर, उभी राहिली. तिचे हात आता सुकले आहेत, पण मी ते कोठेही ओळखले असते. बिसराम बराच वेळ घुटमळला. त्याला ते सारे ठाऊक होते. शेवटी तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, “काकी, रेल अजून लांब हाये. जाता जाता आज तुमीच उघडा. कोनी नाई म्हननार.”

तिने माझ्याकडे पाहिले. मला किती वर्षे हेच हवे होते ते मी सांगितलेच आहे. केशोरावाने कासरा हाती घेतला होता.

जमुनाबाईने हात पदराखाली घेतला.

“नाई, बिसराम,” ती म्हणाली. “फाटक बंद हाये. थांबा लागते.”